मांजराला धाप लागते तेव्हा

कुत्रा अंगणात दोन चकरा मारून आला की जीभ बाहेर काढून ल्हाल्हा करतो आणि त्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघतही नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायची त्याची ती रोजची रीत. मांजराचं तसं नसतं. मांजर नाकाने श्वास घेतं. ते तोंड उघडून श्वास घ्यायला लागलं, तर प्रकरण बहुधा बरंच पुढे गेलेलं असतं. ज्या घरात आधी कुत्रा होता आणि आता मांजर आलंय, तिथे हमखास फसगत होते. ‘उकडतंय बिचारीला’ म्हणून पंखा वाढवला जातो आणि मोलाचा तासभर हातचा जातो.

अपवाद आहेत. दोरीमागे जीव खाऊन धावलेलं पिल्लू किंवा पहिल्यांदाच रिक्षात बसवलेली घाबरलेली मनी थोडा वेळ तोंड उघडते. विसावा मिळाला की काही मिनिटांत ते थांबायला हवं. थांबलं नाही, किंवा दर खेळानंतर असंच होऊ लागलं, तर हृदय आणि फुप्फुसं तपासून घ्यावीत. दुसरा अपवाद जरा गमतीचा. परक्या बोक्याने कुठे मूत मारलेलं असेल, तर ते हुंगून मांजर वरचा ओठ उचलतं आणि अर्धवट तोंड उघडून खुळ्यासारखं थबकतं. टाळूपाशी असलेल्या एका खास गंधेंद्रियापर्यंत वास पोचवण्याची ती खटपट असते. त्याचा धापेशी काही संबंध नाही.

मांजराला ‘वाघाची मावशी’ म्हणून कितीही मिरवलं, तरी ती मोठ्या जनावरांचं भक्ष्यही आहे. दुखणं चारचौघांत दाखवणं तिला परवडत नाही. श्वास पुरेनासा झाला की ती आधी हालचाल कमी करते. कपाटावर उडी मारणं सोडते, बेल वाजली तरी दारात येत नाही, पलंगाखाली जाऊन बसते. घरचे म्हणतात, वय झालं. खरी गोष्ट तिच्या बसण्याच्या ढबीत दिसते. ती पोटावर बसते, पण पुढचे कोपर छातीपासून फाकलेले, मान पुढे ताणलेली, नजर एकाच जागी लागलेली. कुशीवर आडवी होत नाही, झाली तर लगेच उठते. श्वासागणिक नाकपुड्या फुलतात आणि पोट भात्यासारखं वरखाली होतं. छाती आत जाते तेव्हा पोट बाहेर येतं, असं उलटसुलट दिसलं तर वेळ अगदी थोडा उरलेला असतो. हिरड्या गुलाबी आहेत म्हणून निर्धास्त राहू नये; त्या निळसर पडतात तोवर पुष्कळ उशीर झालेला असतो. आणि घुरघुर चालू आहे म्हणजे स्वारी खुशीत आहे, हेही खरं नव्हे. वेदनेत, भीतीत, अगदी मरणपंथाला लागलेली मांजरंही घुरघुरतात. डॉक्टरांना तर या घुरघुरीचा तापच होतो, कारण तिच्यात छातीचे आवाज ऐकूच येत नाहीत. मग काही जण तपासणीच्या खोलीतला नळ सोडतात. पाण्याच्या आवाजाने बरीच मांजरं घुरघुर थांबवून कान टवकारतात आणि तेवढ्यात स्टेथोस्कोप टेकवून घेता येतो.

घरच्या माणसाकडे मात्र स्टेथोस्कोपाइतकंच कामाचं एक साधन असतं: मोबाइलमधलं घड्याळ. मांजर गाढ झोपलेलं असताना, घुरघुरत नसताना, त्याच्या कुशीकडे बघायचं. कूस वर आली आणि खाली गेली की एक श्वास. ३० सेकंद मोजून दुप्पट करायचं. स्वप्न बघताना पंजे आणि मिशा थरथरतात, श्वासही वेडावाकडा होतो; तेव्हा थांबावं आणि नंतर मोजावं. निरोगी मांजर झोपेत मिनिटाला साधारण १५ ते ३० श्वास घेतं, बहुतेकांचा आकडा विशीच्या आसपास राहतो. तो ३० च्या वर गेला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजावा. पुन्हा तेच आलं तर डॉक्टरांना फोन करावा, आणि ४० च्या पुढे असेल तर सकाळ होण्याची वाट बघू नये. ही मोजणी धडधाकट असतानाच चार-पाच वेळा करून लिहून ठेवलेली बरी. आपल्या मांजराचा नेहमीचा आकडा १८ आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला २८ सुद्धा खटकतो.

श्वास कसा वाजतो यावरून गडबड कुठे आहे याचा अंदाज येतो. श्वास आत घेताना घोरल्यासारखा आवाज येत असेल तर अडथळा नाकात किंवा घशात. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधून दिसणारी चपट्या नाकाची पर्शियन मांजरं बारीक नाकपुड्यांमुळे जन्मभर अशीच घरघरत जगतात आणि मालक त्याचे कौतुकाने व्हिडिओ काढतात. त्यात कौतुकासारखं फारसं काही नाही. तरण्याताठ्या मांजरात कधी मधल्या कानातून उगवून घशामागे लोंबणारी गाठ असते. पिल्लांमध्ये बहुधा साधी सर्दीच असते, नागीण विषाणूच्या मांजरातल्या भाईबंदाने किंवा कॅलिसी विषाणूने झालेली. ट्रायकॅट लस तिचा जोर बराच कमी करते. नाक चोंदलं की वास येत नाही आणि वास आला नाही की मांजर खात नाही. दोन-तीन दिवसांचा उपास मांजराच्या यकृताला महागात पडतो, म्हणून ही ‘साधी’ सर्दीही अंगावर काढायची नसते. बाथरूममध्ये गरम पाण्याची वाफ कोंडून तिथे दहा मिनिटं तिच्याबरोबर बसावं. वाफेच्या पाण्यात बाम, कापूर, निलगिरीचं तेल यांतलं काहीही टाकू नये.

श्वास सोडताना सूं-सूं आवाज येत असेल तर दम्याची शंका घ्यावी. मांजरांनाही दमा होतो, बराचसा माणसासारखाच: श्वासनलिका सुजतात, आकसतात, चिकट स्राव साठतो. तो ओळखायला उशीर होतो, कारण मांजराचा खोकला खोकल्यासारखा दिसत नाही. ते जमिनीलगत दबून बसतं, मान लांब करतं, पाच-सहा ढास लागोपाठ देतं आणि शेवटी काहीतरी गिळतं. पाहणारा म्हणतो, पोटात केसांचा गोळा अडकलाय. गोळा असेल तर कधीतरी तो फरशीवर पडलेला दिसायला हवा. महिना-महिना ‘गोळा’ चाललाय आणि बाहेर एकदाही काही आलेलं नाही, तर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवावा. दवाखान्याच्या टेबलावर मांजर नेमकं खोकत नाही.

दम्याच्या मांजराला दिवाळी जड जाते. फटाक्यांचा धूर खिडक्या लावून थोडाफार अडवता येतो, पण घरातच धूप, उदबत्ती, डासांची कॉइल, खोलीत मारायचा सुगंधी फवारा, सणाआधी मारलेला रंग, हे सगळं असतं. शिवाय लिटरच्या ट्रेमधली धूळ वर्षभर असतेच. उपचार म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या देतात किंवा माणसांचाच इन्हेलर, लहान मुलांना लावतात तसा मास्क आणि नळकांडं जोडून. सवय लावायला काही दिवस जातात. आधी नुसता मास्क आणि खाऊ, मग नाकावर क्षणभर टेकवलेला मास्क आणि खाऊ, आणि शेवटी औषध. फवारा नळकांड्यात सोडल्यावर मांजराने सात ते दहा श्वास घेईपर्यंत मास्क धरायचा असतो. पुष्कळ मांजरं हे माणसांपेक्षा शहाण्यासारखं करून घेतात.

तिसरा प्रकार सगळ्यांत फसवा: आवाज नाही, खोकला नाही, नुसते भरभर उथळ श्वास. इथे फुप्फुसांत किंवा फुप्फुसांभोवती पाणी साठलेलं असू शकतं आणि त्यामागे पुष्कळदा हृदय असतं. हृदयाची भिंत जाड होत जाण्याचा आजार मांजरांमधला सर्वांत नेहमीचा हृदयविकार आहे. मेन कून जातीत त्याला कारणीभूत असलेला जनुकीय बदल २००५ मध्ये सापडला, पण गल्लीतून उचलून आणलेल्या मांजरांनाही हा आजार होतोच. वर्षानुवर्षं तो काही कळू देत नाही. कधी एखादी शस्त्रक्रिया, सलाइन किंवा स्टेरॉइडचं इंजेक्शन निमित्त होतं आणि कालपर्यंत ठणठणीत असलेलं मांजर धापा टाकू लागतं. याच आजारात हृदयातली गुठळी सुटून मागच्या पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत अडकते. मांजर कळवळून ओरडतं, मागचे पाय ओढत सरकतं, ते पंजे हाताला थंड लागतात. ‘पाय मुरगळला असेल’ म्हणून तेल चोळत बसण्याचा हा प्रसंग नव्हे.

छातीत साठलेला द्रव डॉक्टर सुईने काढतात आणि सिरिंजमध्ये काय येतं त्यावरून पुढची दिशा ठरते. दुधासारखा पांढरा असेल तर लसीकेची वाहिनी गळते आहे. घाण वासाचा पू असेल तर बोक्यांच्या मारामारीतल्या चाव्याने जंतू आत नेलेले असू शकतात. पिवळा, चिकट, तार सुटणारा असेल तर मांजरांच्या कोरोना विषाणूतून उद्भवणाऱ्या एफआयपीचा संशय. हे नाव ऐकलं की पूर्वी डॉक्टर मान हलवत. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या नील्स पेडरसन यांच्या गटाने जीएस-४४१५२४ हे औषध ३१ मांजरांवर वापरून पाहिल्याचे निष्कर्ष छापले आणि त्यातली बहुतेक जगली. कोविडच्या काळात घराघरांत माहीत झालेलं रेमडेसिव्हिर शरीरात गेल्यावर याच रेणूत बदलतं. बारा आठवड्यांचा हा उपचार खर्चिक आहे, पण एफआयपी म्हणजे मरण हे समीकरण आता उरलेलं नाही.

धाप लागलेल्या मांजरासाठी घरी करण्यासारखं फार थोडं असतं, आणि जीव जातो तो बऱ्याचदा जास्त काही केल्याने. त्याला उचलून छातीशी कवटाळू नये, उताणं करू नये, मानगूट धरू नये. चमच्याने पाणी किंवा दूध पाजू नये, ते फुप्फुसात जातं. माणसाची कुठलीही गोळी देऊ नये, पॅरासिटामॉल तर नाहीच. मांजराच्या यकृताकडे ते निकामी करायची नीट सोयच नसते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी जीव घेऊ शकते. रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते, हिरड्या चॉकलेटी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. ताप उतरवायला म्हणून दिलेली गोळी स्वतःच धाप होऊन बसते. त्यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळायला हवा.

करायचं ते एवढंच: वरून उघडणाऱ्या कॅरिअरमध्ये अलगद ठेवायचं, वर पातळ कापड टाकायचं पण हवा खेळती ठेवायची, गाडीत गारवा ठेवायचा आणि निघतानाच दवाखान्यात फोन करायचा. तिथे पोचल्यावर डॉक्टरांनी लगेच एक्स-रे न काढता मांजराला नुसतं ऑक्सिजनच्या पेटीत ठेवलं, तर ‘काहीच करत नाहीत’ म्हणून हुज्जत घालू नये. अशा मांजराला एक्स-रेसाठी आडवं दाबलं तर ते टेबलावरच दगावू शकतं. थोडा प्राणवायू, धास्ती उतरवणारं सौम्य इंजेक्शन, मग जमलं तर बसल्या जागी सोनोग्राफी, असा क्रम असतो.

टॉवरमध्ये राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. न्यूयॉर्कच्या अ‍ॅनिमल मेडिकल सेंटरमध्ये उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार मिळालेल्यांपैकी शंभरात नव्वद वाचली, हे वाक्य तेव्हापासून जगभर फिरतंय. पण त्यांतल्या बहुतेकांच्या छातीला मार होता, हे फारसं कुणी सांगत नाही. फुप्फुस ठेचलेलं असतं किंवा फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असते, आणि धाप काही तासांनीही वाढू शकते. म्हणून पडलेलं मांजर उठून चालायला लागलं तरी त्याच दिवशी दाखवावं. फटाक्यांना बिचकून गॅलरीतून उडी मारण्याचे दिवस दिवाळीचेच असतात, त्यामुळे जाळी आधी लावलेली बरी.

सणासुदीत बरेच खासगी दवाखाने बंद असतात. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय जुनं आणि सर्वांना ठाऊक असलेलं. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं चोवीस तासांचं प्राणी रुग्णालय सुरू झालं. इतर गावांत वसुबारसेच्या आधीच दोन-तीन ठिकाणी फोन करून तीन प्रश्न विचारून ठेवावेत: रात्री कोण असतं, ऑक्सिजन आहे का, आणि छातीतलं पाणी तिथल्या तिथे काढतात का.