गिटारीच्या आवाजाची गोलाई

विजेवर चालणारी गिटार आमच्या घरीं आली, ती धाकट्या पुतण्याच्या पहिल्या पगारांतून. स्वतःच्या मिळकतीची वस्तु म्हणून तिला कोणी नांवें ठेवलीं नाहींत. परंतु माझ्या मातोश्रींनीं तरुणपणीं गायनाचा अभ्यास केलेला असल्यामुळें त्यांस तिचा सूर कानांत सुई टोंचावी तसा लागे. एके दिवशीं त्या म्हणाल्या, "अरे, हिची जवारी फार उघडी राहिली आहे." पुतण्या हंसला, पण रोग त्यांनीं अचूक ओळखला होता. तंबोऱ्याची घोडी कारागीर कानशीनें किंचित् घासतो आणि उपस्वरांचें प्रमाण कमीअधिक करतो. या गिटारींतहि उपस्वरांचाच अतिरेक झालेला होता. इंग्रजी वादक ज्यास 'ऊब' म्हणतात, ती आमच्या मैफलींतील गोलाई. तिचा येथें अभाव होता.

पुतण्यानें उपाय शोधला तो घाईचा. गिटारीच्या तारांखालीं जो 'पिकअप' असतो, तो बदलण्याचें त्यानें ठरविलें, आणि जाहिरातींतला सर्वांत मोठा आंकडा पाहून १४ किलो-ओहम रोधाचा एक पिकअप विकत आणला. कर्कशपणा गेला खरा. पण आवाज घोंगडीखालून आल्यासारखा झाला आणि उरलेल्या दोन पिकअपांशीं त्याचें जमेना. अर्ध्या महिन्याची शिल्लक त्यांत गेली. "काका, आतां ही विकूनच टाकतों," असें तो म्हणूं लागला, तेव्हां मीं या प्रकरणांत लक्ष घातलें.

पिकअप म्हणजे लोहचुंबकांभोंवतीं गुंडाळलेलें बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें. वर पोलादी तार कंप पावली कीं वेटोळ्यांत सूक्ष्म वीज उत्पन्न होते. वेटोळ्याची प्रवर्तकता आणि जोडतारेची धारिता मिळून एक ठराविक कंपसंख्या अशी ठरते, कीं तेथें आवाज उंचावतो व तिच्यापुढें झपाट्यानें मावळतो. लिओ फेंडर यांच्या कॅलिफोर्नियांतील कारखान्यानें १९५४ मध्यें 'स्ट्रॅटोकास्टर' काढली. आमची गिटार तिच्याच घाटाची. तसल्या पिकअपची प्रवर्तकता सुमारें सव्वादोन हेन्री असते, आणि नेहमींच्या जोडतारेसह हें उंचावणें सेकंदास चार हजार कंपांच्या आसपास पडतें. मनुष्याचा कान याच प्रदेशांत सर्वांत हळवा! शिवाय तिसरा पिकअप घोडीला अगदीं लगटून असल्यामुळें त्यास मूळ स्वरापेक्षां उपस्वरच अधिक ऐकूं येतात.

ओहमच्या आंकड्यानें फसगत होते ती अशी. सामान्यतः ही तार ०·०६३ मिलिमीटर जाडीची असते. तीहून बारीक तार घेतली तर वेढे तितकेच ठेवूनहि रोध वाढतो, पण प्रवर्तकतेंत त्या मानानें फरक पडत नाहीं. यास्तव विकत घेतांना रोधापेक्षां प्रवर्तकता आणि चुंबकाची जात विचारावी. विक्रेत्यास ती सांगतां येत नसेल, तर दुसरें दुकान पाहावें हें बरें.

परंतु दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं कांहीं फुकटचे उपाय आहेत. जुन्या स्ट्रॅटोकास्टरच्या जोडणींत घोडीजवळच्या पिकअपला स्वर मंद करणारी खुंटीच नव्हती. दोन्ही खुंट्या इतर दोघांच्या वांट्याच्या! आमच्याहि गिटारींत तसेंच निघालें. मूळचा पिकअप पुन्हां बसवून एक लहानशी तार डांक लावून जोडतांच त्याचा निम्मा रोग हटला. मग पिकअपचे स्क्रू फिरवून त्यांस तारांपासून थोडें खालीं उतरविलें. फार जवळचा चुंबक तारेस ओढतो आणि सूरहि बिघडवितो, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. आवाजाच्या खुंटीखालीं २५० किलो-ओहमचें नियंत्रक आहे कीं ५०० चें, हेंहि पाहावें. अशा पिकअपांस २५० चेंच शोभतें, ५०० नें तीक्ष्णता वाढते. जोडतार लांब घेतली तर धारिता वाढून आवाज आपोआप निवतो.

इतकें करूनहि घोडीकडचा स्वर पातळच राहिला, तेव्हां मात्र नवा पिकअप घेणें रास्त ठरलें. अल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट यांच्या 'अल्निको' नामक मिश्रधातूचे चुंबक क्रमांकांनीं ओळखले जातात. पांचव्या क्रमांकाचा जोरकस व चकचकीत, तर दुसरा सौम्य आणि मऊ. आम्हीं दुसऱ्या क्रमांकाचा, किंचित् अधिक वेढ्यांचा पसंत केला. दुसरा मार्ग दुहेरी वेटोळ्याचा होता. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनीं १९५५ मध्यें त्याच्या पेटंटाकरितां अर्ज केला व १९५९ मध्यें तें मिळालें. दोन उलट वेटोळ्यांमुळें घरांतल्या विजेची गुणगुण नाहींशी होते, प्रवर्तकता जवळजवळ दुप्पट होऊन आवाज भरदार होतो. पण त्यांत या घाटाच्या गिटारीचा मूळ स्वभावच पालटतो, आणि तो स्वभाव तर पुतण्यास आवडत होता. अधिक असलेली तीक्ष्णता खुंटीनें कमी करतां येते. पिकअपमध्येंच नसलेली कोणत्याहि खुंटीनें येत नाहीं. पहिल्या खरेदींत नेमकें हेंच विसरलें गेलें होतें.

नवा पिकअप बसला त्या संध्याकाळीं पुतण्यानें माजघराचें दार उघडेंच ठेवून वाजविलें. मातोश्री निवडत असलेले तांदूळ खालीं ठेवून ऐकत राहिल्या. थोड्या वेळानें म्हणाल्या, "खालची तार थोडी उतरली आहे, ती मिळवून घे."