आधी कोणती गाडी बदलायची?

पुण्या-नाशिकच्या मध्यमवर्गीय घराच्या पार्किंगमध्ये आज साधारण तीन गाड्या दिसतात. एक आठ-दहा वर्षं वापरलेली पेट्रोल स्कूटर, एक मोटरसायकल आणि रविवारी किंवा लग्नकार्यालाच बाहेर पडणारी चारचाकी. यातलं काहीतरी काढून इलेक्ट्रिक घ्यायचं ठरलं की घरातली चर्चा हटकून चारचाकीवर येऊन थांबते. शोरूमच्या फेऱ्या होतात, एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर याचे आकडे पाठ होतात. स्कूटरचा विषय ‘ती काय, घेऊ कधीही’ म्हणून मागे पडतो. ऊर्जेचा हिशेब मांडला तर हा क्रम नेमका उलटा निघतो.

हिशेबाला वीजबिलातलं युनिटच घेऊ. लिटरभर शुद्ध पेट्रोलमध्ये जवळपास ९ युनिट ऊर्जा असते. सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असल्यामुळे सव्वाआठ धरू. ११० सीसीची स्कूटर शहरात लिटरला ४५ किलोमीटर देत असेल, तर दर किलोमीटरला तिला सुमारे १८० वॅट-तास (हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट) लागतात. इलेक्ट्रिक स्कूटर तेवढंच अंतर ३० वॅट-तासांच्या आसपास कापते. म्हणजे सहापट फरक.

एवढा फरक पडतो, कारण पेट्रोल इंजिन हे मुळात उष्णतेचं यंत्र आहे. इंधन जळून निघालेल्या उष्णतेतला मोठा हिस्सा सायलेन्सरमधून आणि इंजिनाच्या अंगातून हवेत जातो. त्यातही शहरात इंजिन आपल्या ताकदीच्या अगदी थोड्या भागावर चालतं. थ्रॉटल अर्धवट मिटलेला असतो आणि आत हवा ओढून घेण्यातच इंजिनाची शक्ती खर्च होते. सिग्नलला उभं राहिलं की पेट्रोल जळतच असतं, अंतर मात्र शून्य. इलेक्ट्रिक मोटरचं असं नाही. ती थांबली की थांबली, आणि चालते तेव्हा मिळालेल्या विजेतला ८५-९० टक्के भाग चाकाकडे पोचवते.

कोपऱ्यावरून दूध, दोन किलोमीटरवरच्या मंडईतून भाजी, मुलाला शिकवणीला सोडणं असल्या फेऱ्यांत पेट्रोल गाडीची सगळ्यात वाईट बाजू दिसते. गार इंजिनाला सुरुवातीला जास्त पेट्रोल लागतं. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. तो तापेतो आपण दुधाच्या पिशव्या घेऊन घरी परतलेलो असतो.

हायवेला मात्र चित्र बदलतं. एका वेगात चाललेलं पेट्रोल इंजिन आपल्या सोयीच्या टप्प्यात असतं. शहरात लिटरला १५ देणारी गाडी तिथे १८-२० देते. इलेक्ट्रिक चारचाकीचं उलट होतं. शहरात किलोमीटरला १५० वॅट-तास घेणारी गाडी एक्स्प्रेस वेवर शंभरच्या वेगाला १७०-१८० घेते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ८० वरून १०० वर गेला की तो दीडपटीहून जास्त होतो. शिवाय ब्रेक लावताना वीज परत मिळवण्याची संधी मोकळ्या रस्त्यावर येतच नाही. शहरात जवळजवळ चौपट असलेला फायदा हायवेवर अडीचपटीवर येतो. फायदा आहेच, पण कमी.

घाटाची धास्ती मात्र उगाच वाढवून सांगितली जाते. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना गाडी सुमारे ५०० मीटर उंची गाठते. माणसांसकट १६०० किलोची गाडी तेवढी वर न्यायला शाळेत शिकलेल्या सूत्रानुसार ७८ लाख ज्यूल, म्हणजे सव्वादोन युनिटच्या आत ऊर्जा लागते. मोटरमधली घट धरून अडीच म्हणू. बॅटरी ४० युनिटची असेल तर ती सहा-सात टक्क्यांनी उतरते, आणि परतीच्या उतारावर यातला बराचसा भाग बॅटरीत परत येतो. पेट्रोल गाडी उतरताना तीच ऊर्जा ब्रेक तापवण्यात घालवते.

आता कार्बनचा हिशेब. इथे इलेक्ट्रिकच्या उत्साही समर्थकांना थोडं सबुरीनं घ्यावं लागेल. आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे. देशाच्या ग्रिडवर एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पेट्रोलच्या लिटरमागे तो सुमारे २.३ किलो असतो (इथेनॉलचा हिशेब वेगळा आणि वादाचा, तो बाजूला ठेवू). त्यावरून पेट्रोल स्कूटर किलोमीटरला ५१ ग्रॅम सोडते. इलेक्ट्रिक स्कूटरच्या वाट्याला चार्जिंगमधली घट धरूनही २५ ग्रॅमच्या आतबाहेर येतात. पेट्रोल चारचाकीचे शहरातले १५३ ग्रॅम होतात, इलेक्ट्रिकचे ११० ते ११५. किलोला २५ किलोमीटर देणारी सीएनजी गाडीही ११० च्या आसपासच असते. म्हणजे चांगली चालणारी सीएनजी गाडी घाईघाईनं विकून इलेक्ट्रिक घेतल्यानं आजच्या ग्रिडवर हवामानाला फारसा फायदा होत नाही. पेट्रोल शुद्धीकरणातलं आणि वायूच्या गळतीतलं उत्सर्जन यात धरलेलं नाही, ते धरलं तर पारडं इलेक्ट्रिककडे आणखी झुकतं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ग्रिडमध्ये सौर आणि पवनऊर्जा वाढेल तसंही ते झुकत जाईल.

त्यात बॅटरी तयार करतानाचं उत्सर्जन मिळवा. स्वीडनच्या आयव्हीएल या संस्थेनं २०१९ मध्ये ते एका युनिट क्षमतेमागे ६१ ते १०६ किलो असल्याचं मांडलं होतं. स्कूटरच्या तीन युनिटच्या बॅटरीला दोन-तीनशे किलो होतात. दर किलोमीटरला २५ ग्रॅम वाचवणारी स्कूटर हे कर्ज आठ ते बारा हजार किलोमीटरमध्ये फेडते. रोज ३० किलोमीटर जाणाऱ्या माणसासाठी हे वर्ष-सव्वा वर्षाचं काम. चारचाकीच्या ४० युनिटच्या बॅटरीचं कर्ज अडीच ते सव्वाचार टन. किलोमीटरला ४० ग्रॅम वाचतात असं धरलं, तर ते फेडायला साठ हजार ते एक लाख किलोमीटर लागतात. वर्षाला पाच हजार किलोमीटर चालणारी, एरवी कव्हर घालून उभी असणारी गाडी हे कधी फेडणार? रोज तळेगाव ते पुणे करणारी गाडी मात्र चार-पाच वर्षांत फेडून टाकते.

म्हणून घरात खरा प्रश्न गाडी कोणती यापेक्षा ती चालवणार कोण, हा असायला हवा. आपल्याकडे रीत अशी की नवी गाडी घरातल्या कर्त्या माणसाची आणि जुनी सुनेची किंवा मुलीची. कर्ता माणूस दोन किलोमीटरवरच्या बँकेत जातो आणि हिंजवडीला रोज चाळीस किलोमीटर करणारी मुलगी जुन्या पेट्रोल स्कूटरवर. या वाटपात इलेक्ट्रिक गाडीचा निम्मा फायदा पार्किंगमध्येच अडकून पडतो. देशाचं पाहिलं तरी हेच. पेट्रोलियम नियोजन व विश्लेषण कक्षाच्या २०१४ च्या पाहणीत देशातलं साठ टक्क्यांहून जास्त पेट्रोल दुचाकींमध्ये जात असल्याचं दिसलं होतं.

चार्जिंगची सोयही दुचाकीच्याच बाजूनं आहे. तिचा चार्जर मिक्सरएवढी वीज घेतो, घरातल्या सॉकेटवर रात्रीत काम होतं आणि महिन्याला जेमतेम तीस-पस्तीस युनिट वाढतात. चारचाकी महिन्याला हजार किलोमीटर चालली तर दीडशेच्या वर युनिट वाढतात. महावितरणचा दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांनी चढत जातो, त्यामुळे ही वाढीव युनिटं सगळ्यात महागड्या टप्प्यात जाऊन बसतात. ज्यांच्या छतावर सौर पॅनेल आहेत त्यांचं गणित वेगळं. दिवसभर घरी उभी असणारी चारचाकी त्यांना दुपारच्या उन्हात भरून घेता येते, ऑफिसला गेलेली स्कूटर नाही.

एकाच घरात दोन इलेक्ट्रिक गाड्या आल्या की सवयींचा घोळ सुरू होतो. बॅटऱ्यांचे मुख्य प्रकार दोन. लिथियम-आयर्न-फॉस्फेटची बॅटरी उष्णता जास्त सोसते, पण तिचा व्होल्टेज चार्जिंगच्या मोठ्या पट्ट्यात जवळपास सपाट राहतो. किती चार्ज उरला आहे हे गाडीच्या संगणकाला त्यावरून नीट ओळखता येत नाही, म्हणून ती अधूनमधून शंभर टक्के भरावी लागते. निकेल-मँगेनीज-कोबाल्टची बॅटरी रोज शंभरपर्यंत भरली तर लवकर थकते, तिला ऐंशीला थांबवलेलं बरं. त्यामुळे एकाच पार्किंगमधल्या दोन गाड्यांचे नियम परस्परविरुद्ध असू शकतात. घरच्यांना तोंडी सांगून भागत नाही, मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते पाहून चार्जरजवळ कागद चिकटवावा. मे महिन्यात सुट्टीला जाताना मात्र दोन्ही गाड्या अर्ध्या चार्जवर, सावलीत ठेवून जाव्यात. भरलेली बॅटरी उन्हात उभी राहिली की नुसती पडूनही म्हातारी होते.

आगीची भीती २०२२ च्या उन्हाळ्यातल्या घटनांपासून आहे. त्यानंतर एआयएस-१५६ हा बॅटरी सुरक्षेचा नियम कडक झाला आणि त्याचे वाढीव निकष डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. जुनी इलेक्ट्रिक स्कूटर घेताना ती या तारखांच्या आधीची की नंतरची, हे कागदपत्रांवर बघून घ्यावं.

राहिली जुनी चारचाकी. वर्षाला चार-पाच हजार किलोमीटरच चालत असेल, तर ती आणखी काही वर्षं ठेवण्यात गैर काही नाही. फक्त महिनोन्महिने उभी ठेवू नये. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, १२ व्होल्टची बॅटरी उतरते, टायर एकाच जागी दबतात. महिन्यातून एक-दोनदा पंचवीस-तीस किलोमीटर, इंजिन पूर्ण तापेल इतकी ती फिरवावी. आणि ती फेरी मंडईची नसावी, गावाबाहेरच्या रस्त्याची असावी.