नावेवरचा चार्जर कसा निवडाल?

अमेरिकेतील तळ्यांवर बास नावाचे मासे गळाने धरण्यासाठी खास नावा असतात. मोठे एंजिन नाव दूर नेते. मग मासे बिचकू नयेत म्हणून विजेची लहान मोटर ती हळूच चालवते. पुष्कळ नावांत ही मोटर ३६ व्होल्टची असते. म्हणजे १२ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकसर जोडणीत हव्यात, शिवाय एंजिन सुरू करायला चौथी. रात्री या चारही भरणारा चार्जर नावेतच बसवतात.

त्याला चार स्वतंत्र शाखा हव्यात. का, ते आकृती काढून पाहा. पहिल्या बॅटरीचे धन अग्र दुसरीच्या ऋण अग्राला जोडलेले असते. चार्जरच्या साऱ्या शाखांचे ऋण टोक आतून एकच असेल, तर पहिल्या बॅटरीची दोन्ही अग्रे तारेने सरळ जोडली जातील. शॉर्टसर्किटच ते!

आता गणित. वेष्टनावर ‘४० अँपिअर’ असे ठळक छापलेले असते, पण ते चौघींत मिळून. एकीच्या वाट्याला १०. बॅटरी १०० अँपिअर-तासांची असून निम्मी रिकामी झाली, तर ती ५ तासांत भरेल? नाही. शिसे-आम्ल बॅटरी भरत आली की प्रवाह कमी कमी घेते. तरी रात्र पुरते. ५ अँपिअरवर मात्र उजाडेल!

भरल्यावर चार्जरने दाब सुमारे १४.४ व्होल्टवरून १३.५ च्या आसपास उतरवला पाहिजे. नाहीतर आतील पाण्याचे विघटन होत राहते आणि हवेत ४ टक्के हायड्रोजन साचला की एक ठिणगी पुरते. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत ऊर्ध्वपातित पाणी अधूनमधून का घालतात, हेही आता तुम्हीच सांगा.