बॅटरीची गाडी आली, गोंगाट गेला?

‘सगळ्या गाड्या बॅटरीवर आल्या की गोंगाट संपला,’ असं शिंदखेड्यात टपरीवर चहा पिता पिता कुणीतरी म्हणतं. लगेच दुसरा सांगतो, ‘आपल्याला काय त्याचं? तो मुंबई-पुण्याचा प्रश्न.’ दोघंही चुकतात, आणि दुसरा जरा जास्तच.

गाडीचा आवाज मुख्यतः दोन ठिकाणांहून येतो: इंजिन-सायलेन्सरमधून आणि रस्त्यावर फिरणाऱ्या टायरांतून. वेग कमी असेपर्यंत इंजिन वरचढ असतं. कार ताशी ३०-४० किलोमीटरच्या पुढे गेली की टायरचा आवाज त्यावर कडी करतो. म्हणून नरडाण्याकडच्या मुंबई-आग्रा महामार्गावर ८०च्या वेगाने दोन कार गेल्या, तर बॅटरीची कोणती हे डोळे मिटून सांगता येणं कठीण. गावातल्या बाजारपेठेत मात्र गाडीला विशी गाठायची सोयच नसते. पुढे हातगाडी, मागे कापसाचा ट्रॅक्टर. तिथे बॅटरीचा फायदा पुरेपूर मिळतो. डिझेलची रिक्षा सीट भरेपर्यंत जागेवर घरघरत राहते, बॅटरीची रिक्षा उभी असताना मुकी असते. म्हणजे आवाजाच्या बाबतीत द्रुतगती मार्गापेक्षा तालुक्याच्या गावालाच या गाड्यांचा उपयोग अधिक.

हाच नियम रुळावरही दिसतो. सुरत-भुसावळ मार्गावर आता विजेची इंजिनं धावतात. डिझेल इंजिनाची फलाटावर उभ्या उभ्या चालणारी धडधड गेली. पण न थांबता निघून जाणारी मालगाडी खडखडतेच, कारण ती खडखड चाकाची आणि रुळाची. भोंगा तर आहेच.

निम्म्या गाड्या बॅटरीवर आल्या तर आवाज निम्मा होईल, हा हिशेबही फसवा. डेसिबलची मोजणी साध्या बेरीज-वजाबाकीने चालत नाही. एकसारख्या गाड्यांपैकी निम्म्या गप्प झाल्या, तर पातळी फक्त ३ डेसिबलने उतरते आणि कानाला ते जेमतेम कळतं. आवाज ‘निम्मा झाला’ असं वाटायला १० डेसिबल उतरावे लागतात, म्हणजे दहांतल्या नऊ गाड्या गप्प व्हाव्या लागतात. उलट, इतरांपेक्षा २० डेसिबलनी मोठा आवाज करणारी एक फटफटी १०० गाड्यांइतकी ध्वनिऊर्जा ओतते. मूळ सायलेन्सर काढून फटाके फोडणारा बसवलेली बुलेट कॉलेजसमोरून दोनदा गेली, की रांगेत उभ्या साऱ्या बॅटरी-स्कूटरींची पुण्याई पाण्यात.

हॉर्नचंही तेच. तो स्कूटर बॅटरीची असली म्हणून नरम वाजत नाही. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ तिथे आणीबाणीखेरीज हॉर्न वाजवायला मनाई आहे. विनाकारण हॉर्न वाजवल्यास मोटार वाहन कायद्यात पहिल्या वेळी १,००० आणि पुढे २,००० रुपये दंड आहे. हे किती चालकांना ठाऊक आहे, ते एसटी स्टँडसमोर पाच मिनिटं उभं राहून समजतं.

मग जितकं शांत तितकं चांगलं? तसंही नाही. ब्रिटनमधल्या २०१३ ते २०१७च्या अपघातांच्या अभ्यासात, कापलेल्या अंतराच्या प्रमाणात, विजेवरच्या आणि हायब्रिड कारची पादचाऱ्याला धडक बसण्याचं प्रमाण पेट्रोल-डिझेल कारच्या साधारण दुप्पट निघालं. शहरात हा फरक ठळक होता, ग्रामीण भागात आढळला नाही. अंध माणूस रस्ता कानाने ओलांडतो. मोतीबिंदू झालेली आजीही बरीचशी तशीच. युरोपीय संघात २०२१पासून प्रत्येक नव्या विजेच्या कारला ताशी २० किलोमीटरपर्यंत कृत्रिम आवाज करणारी यंत्रणा सक्तीची आहे. भारतातही केंद्र सरकारने २०२५मध्ये तशा नियमाचा मसुदा काढला, तो कार, बस आणि मालवाहू गाड्यांसाठी. दुचाकी त्यात नाहीत, आणि शिंदखेड्याच्या गल्लीत आजीच्या मागून बिनआवाज येणारी गाडी बहुधा दुचाकीच असते.