प्रशिक्षण संस्थांचे सहकार्य आणि शेतीयंत्रांचे शिक्षण : होसकोटे परिसराच्या निमित्ताने

बेंगळुरूच्या पूर्वेस वसलेले होसकोटे मराठी वाचकास इतिहासातून परिचित आहे. शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीत बेंगळुरू, कोलार, दोड्डबळ्ळापूर व शिरा यांच्याबरोबर होसकोट्याचाही समावेश होता. आज हा तालुका दोन अर्थव्यवस्थांच्या सीमेवर उभा आहे. एकीकडे भाजीपाला, द्राक्षे, फुले आणि तुतीची शेती, तर दुसरीकडे १९९८ पासून येथे कार्यरत असलेला व्होल्वोचा ट्रक कारखाना व कोलार मार्गावर वाढत गेलेली औद्योगिक वसाहत. या दोहोंना एकाच प्रकारचा मनुष्य हवा असतो, तो म्हणजे यंत्र उघडून, दोष ओळखून ते पुन्हा चालू करणारा कुशल कारागीर. असा कारागीर घडविण्याची जबाबदारी मुख्यतः शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांवर, म्हणजे आयटीआयवर आहे.

या संस्थांतील ‘ट्रॅक्टर मेकॅनिक’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम शेतीशी थेट निगडित आहे. त्याचे वार्षिक १,२०० तास असून त्यांपैकी ८४० तास प्रात्यक्षिक, २४० तास सिद्धांत व १२० तास रोजगारक्षमता कौशल्ये अशी विभागणी आहे. दहातील सात भाग प्रत्यक्ष हाताने करावयाचे असल्याने कार्यशाळेत कोणते इंजिन आहे आणि ते शिकविणारा निदेशक किती अद्ययावत आहे, यावरच सारे अवलंबून राहते.

येथेच खरी अडचण आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीपेक्षा अधिक क्षमतेच्या ट्रॅक्टरना ‘ट्रेम-४’ हे प्रदूषण निकष लागू झाले. परिणामी या गटात यांत्रिक इंधन पंपाची जागा कॉमन रेल पद्धतीने व इलेक्ट्रॉनिक नियंत्रण कक्षाने घेण्यास प्रारंभ झाला. जुन्या पंपाचा दोष अनुभवी मिस्त्री आवाजावरून व धुरावरून ओळखत असे. नव्या इंजिनात संवेदकांनी नोंदविलेले दोषसंकेत निदान उपकरणाद्वारे वाचावे लागतात, आणि इंधनाचा दाब इतका प्रचंड असतो की नळी निष्काळजीपणे सैल केल्यास गंभीर इजा होऊ शकते. ज्या संस्थेत केवळ जुने इंजिन आहे, तेथील प्रशिक्षणार्थी परीक्षा उत्तीर्ण होतो, पण नव्या ट्रॅक्टरसमोर थबकतो. त्याचा भुर्दंड शेतकऱ्यास पडतो. पेरणीचा वाफसा निघून जातो आणि ट्रॅक्टर मात्र शहरातील अधिकृत सेवा केंद्राच्या दारात उभा असतो.

प्रत्येक तालुक्यातील संस्थेस प्रत्येक नवे यंत्र देणे व्यवहार्य नाही. शिवाय यंत्र मिळाले तरी ते शिकविण्याची रीत त्यासोबत येत नाही. लहान संस्थेत एका व्यवसायास बहुधा एक-दोनच निदेशक असतात. धडा कोठे फसला, प्रशिक्षणार्थी कोणत्या पायरीवर अडखळतात, हे बोलण्यासाठी त्यास त्याच विषयाचा सहकारी उपलब्ध नसतो. संस्थांच्या सहकार्याचा सर्वांत मोठा लाभ हा आहे, आणि त्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते.

कर्नाटकाने यंत्रसामग्रीच्या बाजूने मोठे पाऊल उचलले. टाटा टेक्नॉलॉजीज व अन्य उद्योगांच्या सहभागाने १५० शासकीय आयटीआयचे रूपांतर तंत्रज्ञान केंद्रांत करण्यात आले. ४,६०० कोटी रुपयांहून अधिक खर्चाची ही केंद्रे २० जून २०२२ रोजी राष्ट्रास अर्पण झाली. त्यानंतर मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ६०,००० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय योजनेस मान्यता दिली. तीत १,००० शासकीय संस्थांचे उन्नयन ‘केंद्र व उपकेंद्र’ पद्धतीने व्हावयाचे आहे. २०० संस्था केंद्रे व ८०० उपकेंद्रे, म्हणजे सरासरी एका केंद्राभोवती चार संस्था. ५०,००० प्रशिक्षकांच्या प्रशिक्षणाची तरतूदही तीत आहे.

ही रचना कागदावर सुबक दिसते. परंतु सारी यंत्रे केंद्रात आणि उपकेंद्रांना केवळ भेटीचे पत्र, असे घडल्यास सहकार्याचे नाव राहील व दरी वाढेल. उपकेंद्रातील प्रशिक्षणार्थ्यांना केंद्रात सलग काही दिवस काम करता यावे लागेल. प्रवासखर्च व निवासाची, विशेषतः मुलींच्या निवासाची, सोय नसल्यास हे दिवस वेळापत्रकातच राहतील. निदेशकांचे एकत्र येणे मात्र तुलनेने स्वस्त आहे. चार-पाच संस्थांच्या निदेशकांनी एकच प्रात्यक्षिक, उदाहरणार्थ ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक लिफ्टची दुरुस्ती, मिळून आखावे. एकाने शिकवावे, इतरांनी प्रशिक्षणार्थ्यांच्या हातांकडे पाहावे आणि त्याच दिवशी धड्यात बदल करावा. एकमेकांच्या प्रशिक्षणार्थ्यांचे काम तपासले, तर गुणांचा सैलपणाही आपोआप उघड होतो.

ज्ञानाचा ओघ एकाच दिशेचा असण्याचेही कारण नाही. ज्या उपकेंद्राभोवती ठिबक संच व हरितगृहे आहेत, ते त्या विषयात केंद्रासही शिकवू शकते. होसकोटे परिसरास हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्था आणि बेंगळुरूचे कृषी विज्ञान विद्यापीठ जवळ आहे. आंध्र प्रदेशातील गार्लदिन्ने येथे केंद्र शासनाची शेतीयंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. निफाड वा तासगावच्या द्राक्षपट्ट्यातील संस्थांसमोरही हाच प्रश्न आहे. तेथे फवारणी यंत्राच्या नोझलची झीज मोजून दाखविणारा निदेशक जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडून मिळू शकतो. त्यासाठी नव्या इमारतीची गरज नाही. खरीप व रब्बीच्या आधीचे काही दिवस दोन्ही संस्थांच्या वेळापत्रकात राखून ठेवावे लागतील, आणि त्या दिवशी निदेशकास अन्य कार्यालयीन कामातून मोकळे करावे लागेल.