हुबेहूब म्हणजे किती हुबेहूब?

विद्यार्थिमित्रांनो, शाळेच्या स्नेहसंमेलनात तुमच्यापैकी अनेकांनी पुठ्ठ्याची तलवार हाती घेतली असेल. पुठ्ठा कापायचा, त्यावर चंदेरी कागद चिकटवायचा, मुठीला लाल कापड गुंडाळायचे, की झाली तलवार! दहा मीटरवर बसलेल्या प्रेक्षकाला ती खरीच वाटते. पण तीच तलवार पहिल्या रांगेतील पाहुण्यांच्या हाती दिली, तर पुठ्ठ्याच्या कडा आणि कागदाच्या सुरकुत्या चटकन दिसतात.

असे का होते? निरोगी डोळ्याला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनात असलेले दोन बिंदू कसेबसे वेगळे ओळखता येतात. दहा मीटर अंतरावर हा कोन म्हणजे जवळजवळ ३ मिलिमीटर. त्याहून बारीक दोष मागच्या प्रेक्षकाला दिसणारच नाहीत. तीस सेंटिमीटरवर मात्र हाच कोन ०.१ मिलिमीटरपेक्षाही लहान अंतर दाखवतो. तेव्हा "ही तलवार अगदी हुबेहूब आहे" या वाक्याला काही अर्थ यायचा असेल, तर तीन प्रश्नांची उत्तरे आधी द्यायला हवीत. कोणत्या तलवारीसारखी हुबेहूब? किती अंतरावरून? आणि किती फरक चालेल?

हे तीन प्रश्न मोठ्या गंभीरपणे विचारणारी काही हौशी मंडळे जगात आहेत. आज त्यांची ओळख करून घेऊ. विषय वेषभूषेचा वाटला, तरी आहे तो मोजमापाचा.

पांढऱ्या चिलखतांचे मंडळ

१९७७ साली 'स्टार वॉर्स' हा अमेरिकन चित्रपट प्रदर्शित झाला. त्यातील पांढऱ्या चिलखतातले सैनिक तुम्ही चित्रांत तरी पाहिलेच असतील. पुढे १९९७ साली अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यात राहणाऱ्या आल्बिन जॉन्सन यांनी अशी चिलखते घालणाऱ्या हौशी लोकांचे एक मंडळ स्थापन केले. त्याचे नाव '५०१ वी लीजन'. लीजन म्हणजे सैन्याची तुकडी. आज या मंडळाच्या शाखा अनेक देशांत आहेत. सभासद चिलखत घालून रुग्णालयांतील मुलांना भेटतात, सार्वजनिक कामांसाठी निधी गोळा करायला मदत करतात आणि स्वतःसाठी मानधन घेत नाहीत.

पण सभासद होणे सोपे नाही. वयाची अठरा वर्षे पूर्ण हवीत, आणि चिलखत परीक्षेत उतरायला हवे. उमेदवाराने वेष घालून सर्व बाजूंनी छायाचित्रे काढायची आणि परीक्षकाकडे पाठवायची. परीक्षक ती मंडळाच्या संदर्भसंग्रहाशी ताडून पाहतो. या संग्रहात प्रत्येक पात्राच्या वेषाचे भागवार वर्णन असते. कोणता भाग कोठे हवा, कोणत्या रंगाचा हवा, काय हवेच आणि काय असले तर अधिक चांगले, हे सारे तेथे लिहिलेले असते. उदाहरणार्थ, १९७७ च्या सैनिकाच्या डाव्या गुडघ्यावर एक वेगळी उठावदार पट्टी आहे. ती उजव्या गुडघ्यावर लावली तर चालत नाही. सैनिकांच्या चिलखतासाठी तर प्राथमिक मान्यतेच्या वर आणखी दोन कठीण पायऱ्या आहेत.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. 'छातीचे कवच अमुक इतके मिलिमीटर रुंद' असा नियम सर्वांना लावणे शक्य नाही, कारण माणसे लहानमोठी असतात. उंच माणसाचे चिलखत मोठे होणारच. म्हणून मापांपेक्षा भागांची रचना, त्यांची परस्परांशी असलेली प्रमाणे आणि ते अंगावर कसे बसतात यांकडे अधिक लक्ष दिले जाते. मानक ठरवताना काय बदलू द्यायचे आणि काय बदलू द्यायचे नाही, याचा निर्णय सर्वांत आधी घ्यावा लागतो.

मूळ वस्तूच वाकडी असेल तर?

आता पहिला प्रश्न घेऊ. कशासारखे हुबेहूब?

चित्रपटातील सैनिकांची शिरस्त्राणे १९७६ साली ब्रिटनमध्ये तयार झाली. साचे माणसांच्या हातांनी घडवलेले होते आणि काम घाईचे होते. त्यामुळे शिरस्त्राणाची डावी आणि उजवी बाजू नीट पाहिली तर सारखी नाही. शिवाय शिरस्त्राणांचे प्रकारही दोन होते. मुख्य नटांसाठी केलेल्या शिरस्त्राणांत डोळ्यांवरील काचा बाहेर फुगीर होत्या, तर इतर सैनिकांच्या सपाट होत्या. डार्थ व्हेडर या खलनायकाच्या १९७७ मधील काळ्या मुखवट्याच्याही दोन बाजू सारख्या नाहीत. २००५ सालच्या चित्रपटासाठी तोच मुखवटा नव्याने केला, तेव्हा मात्र दोन्ही बाजू सारख्या करण्यात आल्या.

मग बरोबर कोणता? दोन्ही बरोबर! पण एकाच वेषात दोन्ही नव्हेत. म्हणूनच संदर्भसंग्रहात एकाच पात्राच्या वेगवेगळ्या चित्रपटांतील वेषांची नोंद वेगवेगळी असते.

समजा, एखाद्या नवख्या उमेदवाराने संगणकावर शिरस्त्राणाचा आराखडा काढला. एक बाजू नीट आखली आणि आरशातल्या प्रतिमेसारखी दुसरी बाजू करून घेतली. वस्तू सुबक होईल, कदाचित मुळापेक्षाही देखणी होईल. पण १९७७ च्या शिरस्त्राणाची ती अचूक प्रतिकृती म्हणता येणार नाही. अचूकता आणि सुबकता या दोन भिन्न गोष्टी आहेत. अचूक प्रतिकृतीत मूळ वस्तूचे दोषही जसेच्या तसे उतरले पाहिजेत.

छायाचित्रावरून माप

मूळ वस्तू बहुतेकांना हाताळायला मिळत नाही. मग माप घ्यायचे कसे? छायाचित्रावरून. त्यासाठी चित्रात ज्ञात लांबीची एखादी वस्तू हवी. सुदैवाने या चित्रपटातील अनेक वस्तू बाजारात मिळणाऱ्या खऱ्या वस्तूंपासून केल्या होत्या. नायकाच्या प्रकाश-तलवारीची मूठ म्हणजे ग्राफ्लेक्स या जुन्या अमेरिकन कॅमेऱ्याच्या दिव्याची नळी. सैनिकांच्या हातातील शस्त्र म्हणजे स्टर्लिंग नावाची ब्रिटिश बंदूक, वर काही जोडभाग बसवलेली. दस्ता मिटवलेला असताना या बंदुकीची लांबी सुमारे ४८ सेंटिमीटर असते. समजा, छायाचित्रात ती ९६ मिलिमीटर भरली. म्हणजे चित्राचे प्रमाण १:५ झाले. त्याच चित्रात शिरस्त्राणाची उंची ६० मिलिमीटर असेल, तर खरी उंची ३०० मिलिमीटर. किती सोपे!

पण थांबा. बंदूक आणि शिरस्त्राण कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असतील, तरच हे गणित बरोबर. जवळची वस्तू मोठी दिसते, हे आपण जाणतोच. शिरस्त्राणाचे नाक कानांपेक्षा १५ सेंटिमीटर पुढे आहे असे धरा. कॅमेरा नाकापासून १ मीटरवर असेल, तर कानांजवळील भाग नाकाजवळील भागाच्या तुलनेत सुमारे १३ टक्के लहान दिसेल. तोच कॅमेरा ५ मीटरवर नेला, तर हा फरक केवळ ३ टक्के उरेल. म्हणून एकाच छायाचित्रावर विसंबून शिरस्त्राण घडवले, तर ते बेढब होण्याचा संभव मोठा. जाणकार हौशी लोक अनेक कोनांतून, दुरून घेतलेली चित्रे जमवतात आणि मापे एकमेकांशी पडताळून पाहतात.

नकलेची नक्कल

ही चिलखते बहुधा एबीएस नावाच्या प्लॅस्टिकची असतात. प्लॅस्टिकचा पातळ पत्रा मऊ होईपर्यंत तापवतात, साच्यावर पसरतात आणि पत्रा व साचा यांच्यामधली हवा पंपाने काढून घेतात. पत्रा साच्याला घट्ट बिलगतो. पोकळी त्याला ओढते असे आपण म्हणतो खरे, पण वस्तुतः बाहेरची हवा त्याला ढकलते. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम वजनाइतका असतो. छातीचे कवच ४० सेंटिमीटर लांब व तेवढेच रुंद असेल, तर त्याचे क्षेत्रफळ १६०० चौरस सेंटिमीटर. हवा पूर्णपणे काढता आली, तर त्यावर १६०० किलोग्रॅम वजनाइतके बल पडेल. मोटारगाडीच्या वजनाएवढे!

पत्रा थंड होताना मात्र आकसतो, साधारण अर्धा टक्का. ३०० मिलिमीटरमागे दीड मिलिमीटर. हे काही फार नाही. पण समजा, कुणी या तयार शिरस्त्राणात प्लास्टर ओतून नवा साचा काढला आणि त्यावर दुसरे शिरस्त्राण केले. तिसऱ्याने त्यावरून आणखी एक, आणि चौथ्याने आणखी एक. चौथ्या पिढीत ३०० मिलिमीटरचे सुमारे २९४ मिलिमीटर होतात. शिवाय पत्रा बारीक कोपऱ्यांत पूर्णपणे शिरत नाही, त्यामुळे प्रत्येक पिढीत कडा बोथट होत जातात. प्रत्येक कारागीर शपथेवर सांगू शकेल, "मी समोरच्या वस्तूची प्रामाणिक नक्कल केली." तरीही शेवटची वस्तू मुळापासून दूर गेलेली असते. म्हणून शिरस्त्राण कोणत्या साच्यातून निघाले, त्या साच्याचा पूर्वज कोण, याची चौकशी जाणकार आवर्जून करतात.

गुलाबी यंत्रमानव

याच चित्रपटातील आर-टू-डी-टू या लहानशा यंत्रमानवाच्या प्रतिकृती करणारे आणखी एक मंडळ आहे. त्याचे सभासद ठरलेल्या आराखड्यांवरून सुटे भाग घडवतात. एकाने घडवलेला पाय दुसऱ्याने घडवलेल्या धडाला बसतो, कारण दोघांनी एकच माप मानलेले असते. ही अचूकता इतकी नावाजली की २०१५ सालच्या चित्रपटासाठी यंत्रमानव घडवायला ब्रिटनमधील दोन सभासदांना बोलावण्यात आले.

आल्बिन जॉन्सन यांच्या लहान मुलीला मेंदूचा कर्करोग झाला होता. रात्री आपल्या उशाशी पहारा द्यायला एक यंत्रमानव हवा, असे तिला वाटे. यंत्रमानव करणाऱ्या मंडळाने तिच्यासाठी एक गुलाबी यंत्रमानव घडवायचे मनावर घेतले. वेळ थोडा होता. म्हणून जुलै २००५ मध्ये आधीच तयार असलेला एक यंत्रमानव गुलाबी रंगवून तिच्याकडे धाडण्यात आला. पुढच्याच महिन्यात ती मुलगी वारली. तिच्या नावाचा यंत्रमानव, आर-टू-केटी, मंडळाने नंतर पूर्ण केला, आणि तो आजही मुलांना भेटतो.

तोपर्यंत चित्रपटात असा गुलाबी यंत्रमानव कधीच नव्हता. मग काटेकोर मापाच्या या लोकांनी नियम मोडला का? मला तसे वाटत नाही. मापे आराखड्याप्रमाणेच होती. रंग मात्र जाणूनबुजून, सर्वांना सांगून बदलला होता. असा उघड बदल आणि नकळत झालेली चूक यांत मोठे अंतर आहे. पुढे २०१५ च्या चित्रपटात हा गुलाबी यंत्रमानव खरोखरच दिसला. म्हणजे आता तोही 'मूळ' झाला!

तुमच्या प्रयोगवहीत

आता थोडे माझ्याविषयी. विद्यार्थी असताना मी साध्या लंबकावरून गुरुत्वत्वरण काढत होतो. उत्तर आले ९.६. पुस्तकात होते ९.८. मी दोन वाचने खोडली, नवी लिहिली आणि ९.८ आणून दाखवले. वही तपासून झाली, गुणही चांगले मिळाले. आपली खरी चूक मला पुढे, शिकवू लागल्यावर कळली. लंबकाची लांबी मी दोऱ्यापुरतीच मोजली होती. हुकाचा एक आणि गोळ्याच्या त्रिज्येचा एक असे दोन सेंटिमीटर सुटले होते. मीटरभर लांबीत दोन सेंटिमीटर म्हणजे दोन टक्के, आणि ९.८ चे दोन टक्के कमी केले की बरोबर ९.६! माझे वाचन मला चूक कोठे आहे ते सांगत होते. मीच त्याचे तोंड बंद केले.

आज प्रयोगशाळेत पंचवीस विद्यार्थ्यांच्या पंचवीस वह्यांत ९.८ दिसते, तेव्हा मला आनंद होत नाही. ती मोजमापे नसतात, नकलेच्या नकला असतात.

करून पाहा

वर्गातील दहा जणांनी मिळून हा प्रयोग करावा. पिंपळाचे एक पान घ्या. पहिल्याने पान समोर ठेवून, कागद वर न ठेवता, त्याचे चित्र त्याच मापाचे काढावे. दुसऱ्याने पान न बघता केवळ पहिल्याच्या चित्रावरून चित्र काढावे, तिसऱ्याने दुसऱ्याच्या, असे दहाव्यापर्यंत चालू द्या. मग दुसऱ्या दहा जणांनी प्रत्येकी मूळ पानावरूनच चित्र काढावे. सर्व चित्रांची लांबी आणि रुंदी पट्टीने मोजा, व तक्ता करा. कोणत्या गटातील मापे पानापासून अधिक दूर जातात? सारखी एकाच दिशेला जातात, की इकडेतिकडे?

मापे लिहिताना एकच पथ्य पाळा. पट्टीवर जे दिसेल तेच लिहा, मग ते कितीही वाकडे असो.