लहरी स्वभावाचा पट्टा

हौशी रेडिओच्या जगात ५० ते ५४ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्याला ‘जादूचा पट्टा’ म्हणतात. तेथील लहरींची लांबी सुमारे सहा मीटर भरते, म्हणून ‘सहा मीटर’ हे त्याचे रूढ नाव. जादूची कीर्ती ऐकून महागडे यंत्र आणणारा नवशिका बहुधा पहिल्या आठवड्यातच हिरमुसतो. कारण एरवी या पट्ट्यावर खरखरीखेरीज फारसे काही ऐकू येत नाही. यंत्र निर्दोष असते, अपेक्षा तेवढी चुकलेली असते.

हा पट्टा दोन स्वभावांच्या सीमेवर वसला आहे. याहून लांब लहरी आयनांबरावरून परतून दूरदेशी पोहोचतात. आखूड लहरी बहुधा सरळ अंतराळात निघून जातात. सहा मीटरची लहर एरवी दुसऱ्या वाटेने जाते. मात्र सुमारे १०० किलोमीटर उंचीवर कधी कधी विद्युतभारित कणांचे दाट ढग अकस्मात जमतात आणि दीड-दोन हजार किलोमीटरवरचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा ऐकू येतो. ही वाट काही मिनिटे टिकते, क्वचित काही तास. उत्तर गोलार्धात मे ते ऑगस्ट हा तिचा मुख्य हंगाम. सौर डाग भरात असताना तर महासागरही ओलांडता येतो. नोव्हेंबर १९४६ मध्ये अमेरिका व इंग्लंड येथील हौशींनी याच पट्ट्यावर परस्परांशी संपर्क साधला होता.

भारताचे भाग्य निराळेच. चुंबकीय विषुववृत्त देशाच्या दक्षिण टोकाजवळून जाते आणि त्याच्या दोन्ही अंगांच्या प्रदेशांत, विशेषतः मार्च व सप्टेंबरच्या सुमारास, दुपारनंतर उत्तर-दक्षिण वाटा उघडतात. अहमदाबादच्या गिरणीमालक घराण्यातील डॉ. विक्रम साराभाई यांनी अग्निबाणांसाठी थुंबा निवडले, तेही याच विषुववृत्ताच्या सान्निध्यामुळे. तेथून पहिला अग्निबाण २१ नोव्हेंबर १९६३ रोजी उडाला.

आरंभ अगदी थोडक्यात करता येतो. तारेचे प्रत्येकी सुमारे १.४२ मीटरचे दोन तुकडे आडवे ताणावेत आणि मध्यभागी पन्नास ओहमची केबल जोडावी, की डायपोल अँटेना तयार. सदनिकेच्या गच्चीवर ती सहज मावते. लघुलहरींच्या अनेक आधुनिक यंत्रांत हा पट्टा अंतर्भूत असतो, म्हणून निराळे यंत्र घेण्याची घाई नको. पुढे संगणक जोडून ५०.३१३ मेगाहर्ट्‌झवर ‘एफटी-८’चे संकेत ऐकावेत. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवलेले जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांची ही २०१७ सालची पद्धत कानाला न उमगणारा क्षीण संकेतही टिपते. रात्रंदिन कान देऊन बसण्याचे काम संगणकावर सोपवता येते, हा गृहस्थाश्रमींना मोठाच दिलासा.

बोलायचे असेल तर मात्र दूरसंचार विभागाची परीक्षा व परवाना आवश्यक. परवान्यात या पट्ट्याचा समावेश आहे याचीही आधी खात्री करावी. आणखी एक बंधन व्यापारी घराण्यांनी विशेष ध्यानात ठेवावे: या लहरींवरून धंद्याचे निरोप देण्यास मनाई आहे. वाट थेट जपानपर्यंत उघडली, तरी मालाचा भाव दूरध्वनीवरच विचारावा लागेल.